परतीच्या ओळीतलं शून्य

कागदावर लिहिलेलं खरं मानायला माझी कधीच हरकत नव्हती. माझं पोटच त्यावर चालत होतं. महाडला एका शेठच्या मालवाहतुकीच्या पेढीवर मी कारकून होतो. ट्रकात काय भरलं, कुणी पाठवलं, कुणी उतरवून घेतलं, हे बिल्टीवर लिहायचं आणि ट्रक परतला की पोचपावतीशी ताळा घ्यायचा, हे माझं काम. चुकीचा आकडा दिसला की तो दुरुस्त होईपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. घरचे याला खोड म्हणतात. म्हणोत. पण याच खोडीमुळे, कोणी कागद पुढे करून मला गप्प बसवायला लागलं की मी आधी विचारतो: हे लिहिलं कोणी, कधी, आणि लिहिताना तो माणूस बसला कुठे होता?

हा प्रश्न मी पहिल्यांदा मोठ्या आवाजात विचारला तो वहिनीच्या खाचरासाठी.

आमचं गाव महाड आणि पोलादपूरच्या हद्दीवर, डोंगराला चिकटून. मोठा भाऊ मुंबईला एका गोदामात कामाला, मी महाडात भाड्याच्या खोलीत. भातशेती करायची ती वहिनी. ती पोलादपूरकडच्या कापडे गावची. माहेरी भाताचीच शेती, त्यामुळे बांध कुठे घालावा, पाणी कुठून फोडावं हे तिला सासरी कुणी शिकवावं लागलं नाही. उलट तीच आमच्या वडिलांना शिकवायची, आणि वडील ऐकायचे. आमच्या खाचरांतलं सगळ्यात मोठं, ज्याच्यावर घराचा वर्षाचा तांदूळ निघायचा, ते डोंगराच्या अगदी पायथ्याला होतं.

नव्वदच्या दशकात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा त्या खाचराच्या वरच्या उतारावर ठेकेदाराने एक साइडिंग टाकली होती, म्हणजे मुख्य रुळांना फुटलेला कामापुरता आखूड फाटा. तिथे खडी साठवायचे. कामाची गाडी तिथे खडी भरायची, पलीकडच्या बोगद्यापर्यंत जाऊन ती रुळांखाली ओतायची आणि परत यायची. परत येताना मात्र ती मोकळी येत नसे. बोगद्याच्या तोंडाशी डोंगर कापून वाट काढली होती, ती कटिंग पावसात सारखी ढासळायची. तो राडारोडा परतीच्या डब्यांत भरून आणायचे आणि साइडिंगच्या कडेवरून खाली लोटून द्यायचे. हे गावाने रोज पाहिलं. काम संपल्यावर फाटा उखडून नेला, ढीग तसाच राहिला. पुढच्या पावसाळ्यांत त्यातला बराचसा आमच्या खाचरात उतरला. वर उरला त्याच्यावर गवत आलं, करवंदीच्या जाळ्या आल्या, आणि काही वर्षांत तो ढीग डोंगराचाच भाग दिसायला लागला.

घात झाला तो इथेच. नवीन माणसाने पाहिलं तर त्याला वाटावं, डोंगराची दरड खाली आली आणि शेत बुडालं.

वहिनीने सरकारी कचेरीत अर्ज केला होता. त्यात तिची मागणी एकच होती: ज्यांनी टाकलं त्यांनी उचलून न्यावं. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि सुनावणी लागली तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. भावाला रजा नव्हती. वहिनीबरोबर मी गेलो.

सुनावणी घेणारे साहेब सभ्य होते. त्यांनी वहिनीला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग ठेकेदाराकडून आलेल्या जुन्या नोंदपत्रकांचा गठ्ठा पुढे ओढला. कामाच्या गाडीच्या प्रत्येक फेरीची त्यात नोंद होती, जातानाची एक ओळ आणि परतीची एक ओळ.

"बाई, हे बघा. परतीच्या प्रत्येक ओळीत मालाच्या रकान्यात शून्य आहे. शून्य म्हणजे रिकामी गाडी. आता रिकाम्या गाडीतून माती कशी येणार?"

"साहेब, आमी डोल्यानं बघितलंय ना."

"शेत तुमचं आहे. तुम्ही बघितलं असंच म्हणणार."

वहिनीने पिशवीतून एक दगड काढून टेबलावर ठेवला. त्याच्या एका बाजूला सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची अर्धी नळी स्पष्ट दिसत होती. साहेबांनी तो फिरवून पाहिला. "असे दगड खडीच्या ढिगातही सापडतात," ते म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. खडीही सुरुंग लावूनच काढतात. दगड पुन्हा पिशवीत गेला.

मी पत्रकांच्या नकला मागितल्या. साहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"न्या. तुम्ही आकड्यांतले आहात. तपासा आणि मला फक्त दोन ओळी लिहून द्या, की नोंदी पाहिल्या, परतीच्या फेऱ्या रिकाम्या आढळल्या. मग दरडग्रस्त म्हणून तुमचं प्रकरण कुठे बसवता येईल ते मी बघतो. भांडून काय मिळणार?"

त्यांचा हेतू वाईट नसावा. पण बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "पानी पाजून गला कापायची रीत दिसतंय हितं."

पुढचे काही आठवडे पेढीवर दुपारचं काम संपलं की मी त्या नकला उघडून बसायचो. मालाचं नाव कुठेच अक्षरात नव्हतं, सगळे आकडे. सोबत एक यादी होती. खडीला एकेचाळीस, स्लिपरना एक आकडा, सिमेंटला एक, राडारोड्याला एक. यादी नेहमीच्या मालगाड्यांसाठी केलेली असावी, कारण कामाच्या गाडीशी काही संबंध नसलेल्या वस्तूही तिच्यात होत्या. जनावरांना चौदा होता.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की हा कारकून माझ्या हाताखाली असता तर आमचं जमलं नसतं. एका पावसाळ्यात सलग काही फेऱ्या उघड्या डब्यांतून सिमेंट गेल्याची नोंद होती. भर पावसात उघड्यावर सिमेंट कोणी नेत नाही. वरची एक ओळ बरोबर होती, त्या दिवशी बंद डबे होते. खालच्या ओळींत त्याने तोच आकडा उतरवत नेला होता. एका दिवशी बोगद्याकडे जनावरं रवाना झाली होती. चौदा आणि एकेचाळीस शेजारीशेजारी लिहून पाहिले तेव्हा उलगडा झाला. खडीचा आकडा उलटा पडला होता.

शनिवारी गावी गेलो तेव्हा हे वहिनीला सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"जनावरं? आमची म्हस तवा दोन दीस गायब होती. तरीच म्हनलं, गेली कुठं! रेल्वेनं हवा खाया गेल्याली." मग हात थांबवून म्हणाली, "भावजी, ह्या चुका दाखवून माझं खाचर मोकलं व्हतंय काय?"

नव्हतं होत. हेच मला खात होतं. जातानाच्या ओळींतल्या चुका दाखवल्या तर साहेब म्हणणार, माणूस आहे, चुकतो. पण परतीचं शून्य तर कुठेच चुकलेलं नाही. खरंच नव्हतं चुकलेलं. बाकी पत्रकात शाई सांडलेली, आकडे खोडलेले, ओळी सुटलेल्या. आणि परतीच्या ओळी मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वच्छ. मी इतकी वर्षं बिल्ट्या लिहिल्या आहेत. एवढी स्वच्छ ओळ समोर गाडी पाहून लिहिलेली नसते.

हे मी शेठना बोललो. शेठ महाडचे जुने मुसलमान व्यापारी, वडिलांपासूनचा धंदा. गुडघ्यांसाठी दर जुम्म्याला नमाजानंतर सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचे आणि तिथून खुशीत परतायचे. त्या दिवशी असेच आले आणि माझ्यासमोर ते कागद पसरलेले बघून म्हणाले, "काय हिशेबनीस, आता रेल्वेत नोकरी धरली काय?"

मी साइडिंगचं नाव घेतलं तसे ते खुर्ची ओढून बसले. त्या कामावर खडी टाकायला त्यांचेच ट्रक होते, हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं ते पुढचं.

"तिथला नोंदीचा कारकून ना? बारीकसा, छत्रीवाला? अहो, तो महाडातच राहायचा. गाडी परतायची काळोख पडता पडता. तोवर तो थांबला तर शेवटची एसटी चुकायची. म्हणून दुपारीच दोन्ही ओळी भरून मोकळा. आणि आमच्या ट्रकात बसून घरी. गाडी तिकडे बोगद्यात, आणि हा इकडे माझ्या ड्रायव्हरशेजारी चणे खातोय!"

"म्हणजे परत आलेली गाडी त्याने पाहिलीच नाही?"

"बघितली असेल एखाद्या दिवशी, एसटीचा संप असला तर." आणि शेठ आपल्याच विनोदावर गदगदून हसले.

आमच्या धंद्यातही हे चालतं, यात मला नवल वाटलं नाही. ट्रक सुटतानाच परतीचा कागद तयार करून ड्रायव्हरच्या हातात द्यायची रीत सगळ्यांचीच. येताना ड्रायव्हर मेहुण्याचं कपाट आणो की कोणाच्या लग्नाची भांडी, कागदावर गाडी रिकामीच येते. मी शेठना विचारलं, हे सुनावणीत सांगाल का?

"सांगेन की. पण ट्रक माझे, कारकून तुम्ही, शेत तुमच्या वहिनीचं. साहेब म्हणतील, सगळे एकाच टोपलीतले मासे. त्या छत्रीवाल्याच्याच कागदातून काढा ना काही."

ते बरोबर होतं. मग मी शोध बदलला. गाडीत काय होतं हे शोधायचं सोडून दिलं आणि गाडी कधी परतलीच नाही ते शोधायला लागलो. पत्रकाच्या कडेला शेऱ्यांचा रकाना होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीच्या गार्डकडून ऐकून भरत असावेत, कारण अक्षर तेच पण शाई वेगळी. त्यात सापडलं. एका दिवशी डबा रुळावरून घसरला आणि गाडी रात्रभर बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिली. शेऱ्यात तसं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशीची पहिली ओळही तिथूनच सुरू होत होती. आणि आदल्या दिवशीच्या परतीच्या ओळीत? गाडी साइडिंगला पोचली, माल शून्य. जी गाडी आलीच नाही ती वेळेवर आणि रिकामी आली होती. असे आणखी दिवस सापडले. एकदा इंजिन बिघडलं, एकदा पुढे कटिंग ढासळली. प्रत्येक वेळी तेच स्वच्छ शून्य.

शेरे वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. 'कटिंग ढासळली, माती काढून वाट मोकळी केली' हे शेरे दर पावसाळ्यात होते. आणि यादीत राडारोड्याला जो आकडा दिला होता तो सगळ्या पत्रकांत, जाताना किंवा येताना, एकदाही वापरलेला नव्हता.

दुसऱ्या सुनावणीला मी हे सगळं साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून, पानं स्वतः पडताळली. जनावरांच्या ओळीवर ते हसलेही. मग म्हणाले, "ठीक आहे. शून्य अंदाजाने भरलंय. पण त्यावरून गाडी भरलेली होती असंही सिद्ध होत नाही."

"नाही होत," मी म्हणालो. "मी तसं म्हणणारही नाही. जे दिसत नाही ते मी लिहीत नाही. पण तुमचा एकच आधार होता, की गाड्या रिकाम्या आल्याची नोंद आहे. ती नोंद नाही. ती सवय आहे. आता ती बाजूला ठेवा आणि मला एवढंच सांगा: कटिंगमधली माती काढली असं ठेकेदारच लिहितो. ती माती गेली कुठे? दुसरी जागा दाखवा, वहिनी आत्ता अर्ज मागे घेईल."

साहेब वहिनीकडे वळले. "बाई, हे असं ताणत गेलं तर आणखी वर्षं जातील. दरड म्हणून लिहू या ना. मशीन लगेच मिळेल."

"आनि ज्यो ढीग वर हाय, त्यो?"

"तो डोंगर आहे."

"त्यो डोंगर नाय, साहेब. मी त्याला जल्मताना बघितलाय."

साहेबांनी मागितलेल्या त्या दोन ओळी मी लिहून दिल्या नाहीत. माझं निवेदन वेगळ्या कागदावर लिहिलं, पानं आणि ओळी सांगून, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय उठलो नाही. कचेरीतल्या एका बाबूने "फार शहाणे दिसता" असा शेरा मारला. मी म्हणालो, शिक्का जरा ठळक मारा.

पुढे उन्हाळ्यात, वहिनीने रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून ठेवला होता तेव्हा, गावातून पेढीवर फोन आला की मशीन आलंय. शेठनी मला तसंच पाठवलं. पोचलो तर खाचराच्या कडेला जेसीबी उभा, मागे दोन डंपर, आणि सगळं बंद. मुकादम कपाळाला हात लावून बसला होता. वहिनी पदर खोचून मशीनच्या पुढ्यात उभी.

मुकादमाने माझ्यापुढे एक चिठ्ठी धरली. "तुम्हीच समजवा यांना. शेतमालकाची सही नसेल तर काम सुरू करता येत नाही. आणि या सही देत नाहीत."

चिठ्ठीत कामाच्या वर्णनात लिहिलं होतं: दरडीची माती हटवणे.

खरं सांगायचं तर माझं मन त्या क्षणी डगमगलं. साहेबांशी वाद घालणं वेगळं आणि मशीन दारात असताना ते परत पाठवणं वेगळं. पाऊस तोंडावर होता. कचेरीत मी अडून बसलो होतो, पण अडून बसण्याची किंमत मला मोजायची नव्हती. खाचर तिचं होतं, राब तिचा होता, आणि वर्षभर विकतचा तांदूळ खायचा तर तोही तिलाच. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "वहिनी, शब्दासाठी मी भांडलो, पण तुम्हाला शेत हवंय. सही केलीत तर मी काही म्हणणार नाही."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली जशी चुकीचं माप घालणाऱ्या दुकानदाराकडे बघते.

"भावजी, तुमी एवढं शिकलेलं, आनि ह्ये समजंना? आज दरड लिहिली का ही जागा दरडीची झाली. वरचा ढीग तसाच ऱ्हानार. दोन पावसांनी त्यो खाली आला का म्हनतील, बाई, दरडीच्या जागंत शेत करता कशाला? तवा तुमचं आकडं घेऊन कुठं जाऊ मी?" आणि मुकादमाकडे वळून, "न्या तुमचं मशीन. हितं दरड नाय. जवा खरं लिवाल तवा या."

"अहो बाई, पुन्हा येणार नाही मशीन!"

"मग तुमच्या साहेबाला सांगा, माती भ्याली तुमाला. पलून गेली म्हनावं."

भोवती जमलेल्या बायका हसल्या. "बरोबर बोलली गो!" कुणीतरी मागून ओरडलं. मशीन गेलं.

त्या वर्षीही त्या खाचरात लावणी झाली नाही. तयार झालेलं रोप वहिनीने शेजारणीच्या खाचरात अर्धेलीने लावलं. गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. काहींनी तिला शाबासकी दिली, काहींनी मला शिव्या दिल्या की कारकुनाने घर बुडवलं. मी दर महिन्याला कचेरीत त्याच निवेदनाची आठवण करून देणारं पत्र टाकत राहिलो. मजकूर कधी वाढवला नाही, कधी मऊ केला नाही. मधल्या काळात ठेकेदाराला माती कुठे टाकली याची जागा दाखवायला सांगितलं गेलं, असं साहेबांच्या शिपायाकडून कळलं. ती जागा त्याला दाखवता आली नाही. असती तर दाखवली असती.

पुढच्या उन्हाळ्यात मशीन पुन्हा आलं. मुकादम तोच. या वेळी मी आधीच हजर होतो. त्याने चिठ्ठी पुढे केली. वर्णनात लिहिलं होतं: बोगद्याच्या कामाचा राडारोडा उचलणे. मी ते वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. तिने सही केली, सावकाश, पूर्ण नाव, आडनावासकट.

खाचर मोकळं व्हायला बरेच दिवस लागले. खालची काळी माती निघाली ती दगडासारखी घट्ट झालेली. तिच्यात पहिली दोन-तीन वर्षं धड भात येणार नाही हे वहिनीला दिसत होतंच. शेवटचा डंपर भरला आणि मुकादम चिठ्ठीवर काम संपल्याची सही मागायला आला, तेव्हा तिने कागद हातात घेतला नाही. वरच्या उताराकडे, करवंदीच्या जाळ्यांकडे बोट केलं.

"त्यो?"

"तो डोंगर, बाई. आमच्याकडे फक्त शेताचं काम आहे."

"भावजी, वाचा वो परत, काय लिवलंय."

मी वाचलं. बोगद्याच्या कामाचा राडारोडा उचलणे. शेतातला की वरचा, असं चिठ्ठीत कुठेही नव्हतं. मुकादमाने माझ्या हातातून कागद घेऊन स्वतः वाचला. मग वरच्या ढिगावर चढला, दगडांत पाय घालून पाहिलं, एक दगड उलटा केला. त्याच्यावरही सुरुंगाची नळी होती. तो खाली आला आणि गावातल्या फोनवरून बराच वेळ साहेबांशी बोलला. आम्ही दाराबाहेर उभे होतो. आतून फक्त "हो साहेब, पण लिहिलंय तसंच" एवढं ऐकू येत होतं.

बाहेर आल्यावर तो वहिनीकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाला, "घे रे वर. आधी जाळ्या काढाव्या लागतील."

"जाल्या मी काढून देतंय," वहिनी म्हणाली, आणि कोयता आणायला घराकडे गेली.